दयेला नेम हवा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या स्वयंसेवकांच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करताना आनंदाचा काही वाटा अनाथ बालकांच्या पदरात पडावा, असे आपणांपैकी अनेकांच्या मनात आले. आणि त्याप्रमाणे धर्मभगिनी चालवीत असलेल्या शिशुगृहाच्या सेवेसाठी स्वयंसेवकांची नावे मागविण्यात आली. नावे देणाऱ्यांची गर्दी पाहून मला समाधान वाटले. कोणी कपडे देऊ केले, कोणी खेळणी, कोणी एक दिवसाचे गोडधोड जेवण; तरुण मंडळींनी तर गाणी बसविण्याचीही तयारी दर्शविली. ज्या लोकांना दुसऱ्याच्या लेकराची कणव येते, त्या लोकांची श्रद्धा जिवंत आहे, ह्यात संशय नाही.

तथापि काम सुरू होण्यापूर्वीच एक गोष्ट मोकळ्या मनाने आपणांपुढे मांडावी, ह्या हेतूने मी ही सभा बोलाविली आहे. लहान बालकास आपण एका दिवसात काय देतो, ह्याला फार थोडे महत्त्व आहे. तेच माणूस, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा येते की नाही, ह्याला फार मोठे महत्त्व आहे. थोडक्यात, दयेला नेम हवा. नेम नसलेली दया मोठ्या माणसास एखादे वेळी पुरेल. दीड वर्षाच्या मुलास ती पुरत नाही, आणि कित्येकदा ती त्याला अपायही करते. हे विधान आपणांस कठोर वाटेल, म्हणून त्याची कारणे जरा विस्ताराने सांगतो.

दयेची आणि नेमाची गाठ आपल्या ख्रिस्तसभेत ज्यांनी पक्की बांधली, ते संत विन्सेंट दि पॉल. फ्रान्स देशातील शातीयों नावाच्या लहान गावी ते १६१७ साली धर्मगुरू होते. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात एका रविवारी, मिस्सेची तयारी चालू असताना, गावाबाहेरच्या एका घरी सारेच आजारी पडले असून पाणी देण्यासही कोणी उरलेले नाही, अशी वार्ता त्यांच्या कानी आली. प्रवचनात त्यांनी ती लोकांना सांगितली. त्याच दिवशी दुपारनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तो वाटेवर बायकांची रीघ लागलेली. कोणी भाकरी, कोणी मांस, कोणी आणखी काही घेऊन चालली होती, तर कोणी देऊन परतत होती. दुसरा कोणी असता तर ते दृश्य पाहून धन्य झाला असता. विन्सेंटच्या मनात निराळाच विचार आला. आज ह्या घरी इतके अन्न आले आहे की ते नासून जाईल, आणि उद्या? उद्यापासून हे आजारी लोक पुन्हा पूर्वीसारखेच उपाशी. लोकांची दया उदंड आहे, तिला व्यवस्था मात्र नाही, हे त्यांनी ओळखले.

तीनच दिवसांनी त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र बोलाविले आणि पाळी लावून दिली. एका दिवशी एकीने स्वयंपाक करून आजाऱ्यांना जेवू घालावे, दुसऱ्या दिवशी दुसरीने. पुढे काही महिन्यांनी ह्या मंडळाचे नियम लिहिले गेले. ते वाचताना त्यांतील बारकाई पाहून आश्चर्य वाटते. ताट कसे मांडावे, अंथरुणावर फडके कसे पसरावे, हसतमुखाने कसे बोलावे, हे सर्व त्यांत आहे. त्यांतील एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो. ज्या आजाऱ्याजवळ कोणी बसलेले आहे त्याच्यापासून आरंभ करावा आणि ज्याचे कोणीही नाही त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, अशासाठी की त्याच्याजवळ अधिक वेळ बसता यावे. पाहा, ज्याचे कोणी नाही त्याला अन्नाहून माणसाच्या सहवासाची भूक अधिक असते, हे त्या धर्मगुरूने चारशे वर्षांपूर्वी जाणले आणि ते उपदेशात न ठेवता नियमात लिहिले.

हीच पाळीची पद्धत पुढे पॅरिस शहरात अनाथ अर्भकांच्या कामी आली. त्या काळी पॅरिसच्या रस्त्यांवर आणि देवळांच्या दारांशी दरवर्षी शेकडो अर्भके टाकून दिली जात. त्यांना शहराच्या एका घरात नेऊन ठेवीत. तेथे एक विधवा आणि तिच्या हाताखाली एक-दोन दासी, एवढ्यांवर सारा भार. दूध पाजण्यास दाया पुरेशा नसत. मुले रडू नयेत म्हणून त्यांना गुंगीचे औषध देत. कित्येकांना तर भिकाऱ्यांना अल्प किमतीत विकूनही टाकीत. तेथून जिवंत बाहेर पडणारे मूल विरळाच. विन्सेंटच्या प्रेरणेने दयाकार्य करणाऱ्या पॅरिसच्या कुलीन स्त्रियांनी १६३८ साली हे काम हाती घेतले. त्यांनी आरंभी किती मुले घेतली असतील? चिठ्ठ्या टाकून निवडलेली केवळ बारा! घरात मुले शेकडो आणि घ्यावयाची बारा, ह्याचे त्या स्त्रियांना केवढे दुःख झाले असेल, ह्याची कल्पना आईलाच येईल. परंतु जेवढ्यांचा भार रोज वाहता येईल तेवढेच प्रथम पत्करावे, आणि पत्करलेले अर्ध्यावर टाकू नये, हा त्यांचा निश्चय होता. दोन वर्षांनी, १६४० साली, सर्वच मुलांचा भार घेण्याचे ठरले.

ह्या कामाची खरी धुरा मात्र संत लुईझ द मारियाक आणि त्यांच्या धर्मभगिनींनी वाहिली. मुलांना खेड्यापाड्यांतील दायांच्या घरी दुधावर ठेवीत. दाईला दरमहा वेतन देत. आणि मुलाची आबाळ तर होत नाही ना, हे पाहण्यासाठी धर्मभगिनी त्या घरी जाऊन येत. मुले थोडी मोठी झाली की त्यांना परत आणून लिहिण्यावाचण्यास व कामधंद्यास लावीत. पुढे देशात यादवी माजली, धान्य महागले, देणग्या आटल्या, आणि काम बंद करावे की काय, असा प्रश्न त्या स्त्रियांपुढे उभा राहिला. विन्सेंटने त्यांच्यापुढे मांडलेला युक्तिवाद मोठा मार्मिक होता. त्याचा मथितार्थ असा, की ह्या मुलांना जन्म देणाऱ्या मातांनी त्यांना टाकले तेव्हा तुम्ही त्यांच्या माता झालात. आता तुम्हीही हात काढून घेतलात तर तो त्यांचा दुसऱ्यांदा झालेला त्याग होईल. त्या स्त्रियांनी काम सोडले नाही.

बंधुभगिनींनो, दुसऱ्यांदा झालेला त्याग, ह्या शब्दांवर क्षणभर थांबा. शिशुगृहात आलेल्या प्रत्येक बालकाला एकदा तरी कोणीतरी अंतरलेले असते. मग आपण जातो, त्याला कडेवर घेतो, पापे घेतो, तासभर खेळवितो आणि निघून येतो. पुढल्या आठवड्यात दुसरेच कोणी जाते. आपल्या हिशेबी दोन भेटी झाल्या. त्या बालकाच्या हिशेबी दोन माणसे आली आणि दोन्ही नाहीशी झाली.

ही केवळ भावनेची गोष्ट आहे, असे कोणास वाटेल. म्हणून गेल्या शतकातील विद्वानांनी काय शोधून काढले तेही ऐका. रेने स्पिट्झ नावाच्या व्हिएन्नात जन्मलेल्या वैद्याने दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांचे निरीक्षण करून १९४५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. पहिले ठिकाण अनाथ अर्भकांचे गृह होते. तेथे स्वच्छता निर्दोष, दूध उत्तम, वैद्यांची देखरेख चोख. परंतु आठ-आठ मुलांमागे एकच दाई, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या असल्यामुळे मुलाच्या दृष्टीस छताखेरीज काही पडत नसे. दुसरे ठिकाण होते स्त्रियांच्या तुरुंगातील बालकगृह. तेथे मुलांच्या आयाच शिक्षा भोगीत असता आपापल्या मुलांना सांभाळीत. तुरुंगातील मुले वाढली, बोलू-चालू लागली; पाहणीच्या काळात त्यांतील एकही दगावले नाही. त्या स्वच्छ गृहातील ९१ मुलांपैकी मात्र ३४ मुले दोन वर्षांच्या आत मृत्यू पावली. दुधाची वाण नव्हती, औषधाची वाण नव्हती. आपले म्हणून ओळखावे असे माणूस तेवढे नव्हते.

दुसरे उदाहरण रुमानिया देशाचे. तेथील राजवटीने १९६६ साली लोकसंख्या वाढविण्यासाठी कडक कायदे केले. गरिबांना पोसता येणार नाहीत इतकी मुले झाली आणि ती सरकारी गृहांत येऊन पडली. १९८९ च्या अखेरीस ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले अशा गृहांत असल्याचे जगाला कळले. पाळण्यात बसून तासन्‌तास पुढेमागे झुलणारी, कोणाकडे न पाहणारी, रडूनही कोणी येत नाही म्हणून रडणेच विसरलेली ती मुले पाहून देशोदेशींचे दयाळू लोक तेथे धावले. पुढे २००१ च्या सुमारास काही अमेरिकी विद्वानांनी बुखारेस्ट शहरातील गृहांतल्या १३६ मुलांची पाहणी आरंभिली. मुले सहा महिन्यांपासून एकतीस महिन्यांपर्यंतची होती. त्यांपैकी निम्मी मुले वेतन देऊन नेमलेल्या पालक-कुटुंबांत ठेवण्यात आली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, उंची, बोलणे आणि माया लावण्याची शक्ती, ही सर्व गृहात राहिलेल्यांहून चांगली वाढली. आणि दोन वर्षांच्या आत जी घरात गेली त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. पुढे रुमानियाने कायदाच केला की दोन वर्षांखालील मुलास, अगदी गंभीर अपंगत्व नसल्यास, संस्थेत ठेवू नये.

ह्या संशोधनातील एक निरीक्षण आपल्या कामाशी निकटचे आहे. शिशुगृहात जाऊन आलेली मंडळी मोठ्या कौतुकाने सांगतात, की तेथील मुले किती लाघवी हो! दारात पाऊल टाकले की धावत येऊन बिलगतात, कोणाच्याही कडेवर बसतात, निघताना सोडत नाहीत. आता आपल्या घरचे दीड-दोन वर्षांचे मूल आठवा. अनोळखी पाहुणा आला की ते आईच्या पदराआड लपते. पाहुण्याने उचलले की भोकाड पसरते. ते लपणे निरोगी मुलाचे लक्षण आहे. त्याला आपले कोण आणि परके कोण, हे कळते. जे मूल कोणाच्याही गळ्यात पडते त्याला आपले असे कोणी लाभलेलेच नसते. म्हणून ते येईल त्याच्याकडे ते मागते. आपण ज्याला लाघव म्हणतो ती त्याची उपासमार आहे. नव्या नव्या पाहुण्यांची रांग लावून ही भूक भागत नाही, उलट वाढते.

तर मग आपण जाऊच नये काय? जावे, अवश्य जावे. परंतु कसे जावे, हे शिकून जावे. ह्या बाबतीत हंगेरी देशातील एमी पिक्लर ह्या बालवैद्य स्त्रीचे काम मार्गदर्शक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, बुडापेस्ट शहरातील लोत्सी नावाच्या रस्त्यावर तिने अनाथ अर्भकांचे गृह चालविण्यास घेतले. खेळण्यांच्या राशी किंवा पाहुण्यांच्या भेटी, ह्यांवर तिचा भर नव्हता. आंघोळ, जेवण, लंगोट बदलणे, कपडे घालणे, ही जी कामे मुलाच्या बाबतीत दिवसातून अनेक वेळा करावीच लागतात, तीच तिने मुलाशी नाते जोडण्याची वेळ मानली. प्रत्येक मुलाचा भार मुख्यतः एका ठरलेल्या दाईवर असे. दाईने मुलाला उचलण्यापूर्वी, आता मी तुला उचलते आहे, असे त्याला सांगावे. हात पुढे करून त्याच्या प्रतिसादासाठी थांबावे. आंघोळ घालताना घाई करू नये, दुसऱ्याशी गप्पा मारू नयेत. त्या वीस मिनिटांत ते मूलच तिचे सर्व जग असावे. उरलेला वेळ मुलाने सुरक्षित जागी आपल्या मनाप्रमाणे लोळावे, रांगावे, खेळावे. दाया थोड्या आणि मुले पुष्कळ असूनही तेथील मुले रुमानियातील मुलांसारखी कोमेजली नाहीत. म्हणजे वेळ किती दिला ह्याहून तो कोणी दिला आणि कसा दिला, हे अधिक महत्त्वाचे ठरले.

ह्यावरून आपल्या सेवेसाठी मला जे नेम सुचतात, ते आपणांपुढे ठेवतो. शिशुगृहाच्या धर्मभगिनींशी विचारविनिमय करून त्यांत फेरफार करावा.

पहिला नेम असा, की स्वयंसेवक थोडे असावेत आणि टिकणारे असावेत. पन्नास जणांनी एकदा जाण्यापेक्षा आठ जणांनी आठवड्यातून एक ठरलेला वार निदान वर्षभर पाळावा. पाऊस पडला, घरी पाहुणे आले, तरी तो वार मोडू नये. ज्यांना एवढा शब्द देणे जमणार नाही त्यांनी संकोच न मानता दुसरे काम पत्करावे; त्यात कमीपणा नाही.

दुसरा नेम मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिशुगृहातील मावशी आणि धर्मभगिनी ह्याच त्या बालकांच्या जवळच्या. त्या उद्याही असणार, रात्रीही असणार. आपण त्यांची जागा घेऊ नये. त्यांचे हात मोकळे करावेत. दुपटी धुणे, वाळत घालणे, घड्या करणे, भाज्या निवडणे, फरशी पुसणे, आजारी मुलाला दवाखान्यात नेताना गाडी देणे, हिशेबाच्या वह्या लिहिणे, अशी कितीतरी कामे आहेत. मावशीला ढीगभर दुपट्यांची चिंता नसली तर ती बाळाला सावकाश भरवील, त्याच्याशी बोलेल, त्याला अंगाईगीत म्हणेल. दुपटी धुणाऱ्याचे नाव मुलाला कधी कळणार नाही. पण त्याला मिळालेली ती अर्ध्या तासाची मांडी त्याच्याच कष्टाची. पुरुष मंडळींनीही हे लक्षात घ्यावे. गळके छप्पर, मोडका पाळणा, बंद पडलेला पंखा, ह्यांना तुमचीच वाट आहे.

तिसरा नेम, ज्यांना मुलांपाशी बसण्याचे काम मिळेल त्यांच्यासाठी. एकाने एक किंवा दोनच मुले आपली मानावीत. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारावी. बोलता न येणाऱ्या मुलाशीही बोलावे. कारण पुष्कळांचे बोलणे ऐकूनच मूल बोलावयास शिकत नाही, त्याच्याशी कोणी बोलले म्हणजे शिकते. निघताना ते मूल झोपले असता किंवा त्याची दृष्टी चुकवून पळ काढू नये. मी आता जाते, बुधवारी येईन, असे सांगावे आणि बुधवारी यावे. त्या लेकराला वार कळत नाहीत, पण शब्द खरा होतो हे महिन्या-दोन महिन्यांत कळते. आणि ज्याला माणसाचा शब्द खरा होतो हे कळले त्याला जगावर विश्वास ठेवता येतो. मी तुला घरी नेईन, असे मात्र गमतीनेही कोणी म्हणू नये.

चौथा नेम छायाचित्रांविषयी. महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत मुलांची चित्रे छापावीत, अशी सूचना आली होती. ती मी नम्रपणे नाकारली आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५, ह्या कायद्याने अशा बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. आणि कायदा नसता तरी, आपल्या औदार्याची साक्ष म्हणून दुसऱ्याच्या लेकराचे दुर्दैव छापणे शोभले नसते. प्रत्येक स्वयंसेवकाने आपली ओळखपत्रे संस्थेकडे द्यावीत, पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी आणि मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत राहू नये. हा कोणाचा अविश्वास नव्हे. हे त्या बालकांचे कुंपण आहे.

आता एका आक्षेपाचा विचार करू. कोणी म्हणेल, फादर, प्रेमाला असे वेळापत्रक कसे लावता येईल? मनाला वाटेल तेव्हा जावे, त्यातच गोडी आहे. ह्यावर माझे म्हणणे असे, की आपल्या घरातील आईकडे पाहा. पहाटे तिला उठावेसे वाटते म्हणून ती उठते काय? मुलाला भूक लागलेली असते म्हणून ती उठते. तिचे अर्धे प्रेम नेमातच भरलेले आहे, आणि ते नेमात आहे म्हणून मुलाला त्याची शाश्वती वाटते. गोडी वाटेल तेव्हा केलेल्या कामात करणाऱ्याचा आनंद मोठा असतो. नेमाने केलेल्या कामात घेणाऱ्याचे हित मोठे असते. ह्या दोहोंतून काय निवडावे, हे ख्रिस्ती मनुष्यास सांगावयास नको.

परंतु बंधुभगिनींनो, एवढ्यावर थांबलो तर माझे बोलणे अर्धेच राहील. शिशुगृह कितीही उत्तम असो, ते घर नव्हे. हे सत्य आपल्या महाराष्ट्रातील थोर पुरुषांनीही ओळखले होते. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई ह्यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि संकटात सापडलेल्या विधवांना व त्यांच्या अर्भकांना आसरा दिला. परंतु आसरा देऊन ते दांपत्य थांबले नाही. काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची सेवा केली आणि त्याच सेवेत सावित्रीबाईंनी देह ठेवला. एका मुलाला घर मिळाले, त्याचे फळ किती जणांना मिळाले, ते पाहा.

आजचा कायदाही हेच सांगतो. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा. प्रथम बालकाचे स्वतःचे कुटुंब, ते शक्य नसेल तर दत्तक किंवा पालक-कुटुंब, हा त्याचा क्रम. मूल टाकावे लागणाऱ्या आईवडिलांनी बाल कल्याण समितीपुढे ते सोपविले तरी त्यांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. कोठे टाकलेले अर्भक आढळले तर ते परस्पर कोणा निपुत्रिकाच्या हाती देणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. १०९८ ह्या क्रमांकावर किंवा पोलिसांना अथवा समितीला २४ तासांच्या आत कळविले पाहिजे. आपल्या वाडीवस्तीतून ही माहिती घरोघरी जावी, अशी माझी इच्छा आहे.

मुले शिशुगृहात येतात ती सारीच मातापित्यांविना असतात, असेही नाही. कोणाची आई जिवंत असते, पण एकटी आणि निराधार. कोणाचा बाप व्यसनी. कोणाच्या घरी आजारपणाने चूल विझलेली. अशा आईला दरमहा थोडा हातभार आणि अडचणीच्या वेळी शेजाऱ्याचा आधार मिळता, तर तिचे बाळ तिच्याच मांडीवर वाढले असते. मोशेची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. वेताच्या पेटीत नदीकाठी ठेवलेले ते बाळ राजकन्येला सापडले. तिला त्याचा कळवळा आला. तथापि दूर उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीने समयसूचकता दाखवून दाई आणून देण्याची तयारी दर्शविली आणि आणली ती बाळाची स्वतःची आई! राजकन्येने तिला वेतन ठरवून बाळ तिच्याच स्वाधीन केले. पवित्र शास्त्रातील ह्या प्रसंगात तीन स्त्रिया आहेत: राजकन्येजवळ धन आहे, आईजवळ दूध आहे, आणि बहिणीजवळ युक्ती आहे. तिघींचा मेळ बसला म्हणून बाळ आपल्याच आईच्या कुशीत वाढले. धर्मग्रामाने त्या बहिणीचे काम करावे, असे मला वाटते. कोणाजवळ धन आहे आणि कोणाला त्याची गरज आहे, हे आपल्याला ठाऊक असते. त्यांची गाठ घालून देणे, हे आपले कर्तव्य.

ह्या कामी सरकारी साहाय्यही मिळू शकते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र बालकाच्या कुटुंबास दरमहा ४००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. आपल्या राज्याचीही बालसंगोपन योजना आहे. परंतु ज्या विधवेला अर्ज लिहिता येत नाही, दाखले कोठे मिळतात हे ठाऊक नाही, जिल्ह्याच्या कचेरीत चार फेऱ्या मारण्यास गाडीभाडे नाही, तिला ह्या योजनेचा काय उपयोग? आपल्यातील सुशिक्षित तरुणांनी तिचा अर्ज भरावा, तिच्याबरोबर कचेरीत जावे, आणि मंजुरी मिळेपर्यंत जात राहावे. पॅरिसच्या एका तरुण विद्यार्थ्याने, फ्रेडरिक ओझानामने, १८३३ साली आपल्या मूठभर मित्रांसह संत विन्सेंट दि पॉल ह्यांच्या नावाने जी संस्था काढली, तिचा मुख्य नेमच हा होता की गरिबांच्या घरी स्वतः जावे. त्या वेळी ओझानाम अवघा वीस वर्षांचा होता. आपल्या तरुणांना वयाचे निमित्त सांगता येणार नाही.

प्रभू येशू ख्रिस्ताजवळ लोकांनी बालके आणली तेव्हा शिष्यांना ती अडचण वाटली, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. प्रभूने मुलांना जवळ घेतले, कवटाळले आणि त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. दुरून आशीर्वाद देणे त्याला अशक्य नव्हते. पण त्याने त्यांना कुशीत घेतले. आपला प्रत्येक स्वयंसेवक, मग तो दुपटी धूत असो, अर्ज लिहीत असो की एखाद्या बाळाला भरवीत असो, त्या कुशीचेच काम करीत असतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. महोत्सवाच्या दिवशी शिशुगृहात मिठाई अवश्य पाठवू. ती धर्मभगिनी आपल्या हातांनी मुलांना देतील. आपण मात्र त्या दिवशी जत्रा भरवू नये. धर्मग्रामाच्या कचेरीत एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: नाव, काम आणि वार. नाव लिहिणे सोपे आहे. काम आणि वार लिहिण्यापूर्वी घरी जाऊन विचार करा, पत्नीशी, पतीशी, मुलांशी बोला, प्रार्थना करा, आणि मगच लिहा. आठच नावे आली तरी मी निराश होणार नाही. पॅरिसच्या स्त्रियांनी बारा मुलांपासूनच आरंभ केला होता. पुढील वर्षी ह्याच सुमारास आपण पुन्हा येथे जमू आणि ती वही उघडून पाहू. त्या वेळी कोणत्या वारी कोण गेले आणि किती वेळा गेले, एवढेच मोजू. काय वाटले ते मोजणार नाही.

आपला महोत्सव संपेल, पताका उतरतील, ही स्मरणिका कपाटात जाईल. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या साध्या बुधवारी शिशुगृहाच्या दारात कोणाची तरी वाट पाहिली जाईल. ती वाट पाहणे व्यर्थ न जावो, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.